भाड्यानं न दिलेली छाती

शेठनं फिनेलची बादली आईच्या डोक्यावर रिकामी केली, तेव्हा ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मी सातवीत होतो. फिनेल तिच्या डोळ्यांत गेलं, तोंडात गेलं. खोकत खोकत ती आडवी झाली, तर शेठनं कमरेत लाथ घातली. का? तर तिला टीबी झालाय हे त्याला कळलं होतं.

आम्ही परभणीकडून पोट भरायला आलेलो. विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागं शेठची चाळ, तिथं एक खोली आमची. आई त्याच्याच घरची भांडी घासायची. त्याच्या माणसांनी आमचं अंथरूण, स्टोव्ह, आईची सरकारी दवाखान्यातली औषधं, सगळं गटारात फेकलं. बापानं हात जोडले. त्याचे दात पाडले. चाळ आपापल्या दारात उभी राहून बघत होती. शेठ म्हणाला, "तुमच्या रक्तातच ही घाण आहे."

त्यानंतर आम्ही आज इथं, उद्या तिथं. औषधं तुटली. आजार उलटला आणि आई गेली. शेवटपर्यंत म्हणायची, अंगाचा वास जात नाही रे. लोक म्हणतात टीबीनं मेली. मी म्हणतो, मारली.

पुढं चाळ पडली, टॉवर उभा राहिला. त्या भागात काम म्हणजे शेठचंच. पोट कुणाला चुकलंय? मी त्याच शेठची गाडी चालवायला लागलो. त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही.

यंदा त्याचा मुलगा शिकायला लंडनला निघाला. व्हिसाचा पत्ता नाही, पण बॅनर लागले. कल्याणपासून पार टेंभी नाक्यापर्यंत. पोराचा फोटो, मागं विमान, वर 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि खाली ढीगभर शुभेच्छुक. पोरगा मात्र खोकत होता. व्हिसासाठी टीबीची तपासणी लागते, म्हणून आधी घरच्या डॉक्टरांकडं छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने औषध घे, बरा होशील, मग खुशाल जा.

शेठनं पहिली माझी कॉलर धरली. तूच आणलास म्हणाला आणि पार्किंगमध्ये वॉचमनसमोर मला बुटानं मारलं. मग माझ्या छातीचा फोटो काढायला लावला. तो निघाला स्वच्छ. मला वाटलं, आता निदान मान खाली घालेल.

त्यानं मला वर घरात बोलावून सोफ्यावर बसवलं. पहिल्यांदाच. तिथं व्हिसाचा एजंट होता. तपासणीच्या सेंटरमधला माणूस त्यांनी फोडला होता. पोराच्या नावानं मी आत जायचं, मशिनला छाती टेकवायची, बाहेर यायचं. मग पोरगा विमानात बसणार. बॅनर लागलेत, आता मागं हटलो तर लोक तोंडात शेण घालतील, असं शेठ मला समजावत होता.

पोरगा कोपऱ्यात तोंडाला रुमाल लावून बसलेला. डोळे माझ्या आईसारखेच खोल गेलेले. त्याच्यावर माझा राग नव्हता. पण बंद विमानात त्याच्या शेजारी कुणाची तरी लेकरं बसणार, हे डोक्यात आलं. आणि नाकात फिनेल आलं.

"मी नाही जाणार," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"विठ्ठलवाडीच्या चाळीत तुम्ही एका बाईवर फिनेल ओतलेलं. तिचा मुलगा मी."

शेठनं एजंटकडं बघितलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"कुठली बाई?"

बुटाचा मार खाताना आला नव्हता एवढा संताप मला त्या दोन शब्दांनी आला. समोरची काचेची टीपॉय उचलून मी भिंतीवर घातली. मग त्याच्या माणसांनी मला जिन्यातून तुडवत खाली नेलं. लाथा, हेल्मेट, हाताला लागेल ते. तोंडातून रक्त आलं. प्रत्येक लाथेला मी नाही म्हणत होतो.

दवाखान्यात पुन्हा छातीचा फोटो निघाला. आधीचा शेठच्या संशयापायी काढलेला. मधला त्याच्या पोराच्या नावानं निघायचा होता. हा माझा. फुप्फुसं साफ, बरगड्या मोडलेल्या. पोलीस तक्रार घ्यायला टाळाटाळ करत होते. मी पोलीस ठाण्यातच लादीवर बसून राहिलो. शेवटी घेतली. सेंटरलाही सगळं कळवलं.

काल शेठचा माणूस आला. मिटवून टाक म्हणाला, शेठ टॉवरमध्ये खोली देतोय. मी दार सताड उघडलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, मिटणार नाही.

पोरगा आता इथंच राहील, औषध घेईल, बरा होईल. माझ्या आईलाही तेवढंच हवं होतं. कोर्टात उभा राहीन तेव्हा मारहाणीच्या आधी मी फिनेलचं सांगणार आहे. त्याचा इथं संबंध नाही, असं मला सांगतील. तरी सांगीन. शेठला ती बाई आठवेपर्यंत सांगीन.