अंगानं न्हाई म्हटलं तर

माझी एक किडनी लेकीला दिली तेव्हा ती आठ वर्षांची होती. ऑपरेशन पुण्याला झालं, आम्ही शिरूरला घरी आलो आणि खरी भीती तिथून सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, शरीर परकी किडनी नाकारू शकतं, गोळ्या अजिबात चुकवायच्या नाहीत. आता हे पोरीला समजावणार कसं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "तुझ्या अंगानं किडनीला न्हाई म्हनलं, की गेली बघ ती."

त्यानंतर पोर एकदम शहाणी झाली. कडू औषध, सुया, दोडक्याची भाजी, कशालाच नकार नाही. मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे. जरा अंग कोमट लागलं की मात्र मी लगेच थर्मामीटर लावायचे. दिवसातून चारदा तिचं कपाळ चाचपायचे, लघवी मापून बघायचे.

वर्षभरानं तपासणीला गेलो. नगर रस्त्याचं काम चालू होतं, एसटीत हाडं खिळखिळी झाली. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. किडनी बसवलेल्या मुलांचा त्या अभ्यास करत होत्या. मुलांना आणि आईबापांना नेमकं काय सोसावं लागतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यांच्या संमतीच्या कागदावर मी घाईघाईनं सही केली. नाही म्हटलं आणि उपचारात हयगय झाली तर, ही धास्ती. तसं काही होणार नाही असं कागदावर छापलं होतं, पण छापलेल्यावर कोण विश्वास ठेवतं!

मग बाई पोरीकडे वळल्या. "आईनं सही केली, पण तुला नको असेल तर तू नाही म्हणू शकतेस हं."

पोर पांढरीफटक पडली. बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्याकडे बघत पुटपुटली, "न्हाई म्हनलं तर आईची किडनी जाईल ना?"

वर्षभर मी जिला शहाणी समजत होते, ती पोर वर्षभर घाबरलेली होती. आणि ती भीती मीच घातली होती.

बाईंनी तिला जवळ बसवून नीट सांगितलं, अंगाचं 'नाही' वेगळं, तोंडाचं 'नाही' वेगळं. पोरीनं बराच वेळ विचार केला. "मंग न्हाई," ती म्हणाली. "मला न्हाई काय सांगायचं." बाई हसल्या आणि कागद बाजूला ठेवला.

ती सुटली, मी अडकले. तिला बाहेर बाकावर बसवून मी एकटीच परत आत गेले आणि हळूच विचारलं, "मॅडम, आता ती न्हाई म्हनली. किडनीला काय हुनार न्हाई ना?"