वयाचे टोले

लोणावळ्यात आमचं घर चर्चच्या कुंपणाला चिकटून आहे, पण आम्ही ख्रिश्चन नाही. आम्ही बौद्ध, मूळचे कार्ल्याजवळच्या एका वस्तीवरचे. माझे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी चर्चच्या बागेत माळी म्हणून लागले. आधीचा घंटा वाजवणारा म्हातारा थकला तसा दोर आबांच्या हातात आला आणि पुढे चाळीस वर्षं काही तो सुटला नाही. भावकीतले लोक चिडवायचे, की बाबा, तू कुठल्या देवाचा? आबा म्हणायचे, दोर वढायला जोर लागतो, धरम लागत न्हाई.

घंटा साहेबाच्या काळातली. घाटात रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा ती बोटीनं मुंबईला उतरली, तिथून बैलगाडीनं निघाली आणि खोपोलीच्या अलीकडे भाताच्या खाचरात अशी रुतली, की तीन दिवस हलेना. हे आबांना त्या थकलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. खरं-खोटं कोण बघायला गेलंय! तिच्या कडेला इंग्रजी अक्षरं आहेत, ती आता हिरवी पडलीत. पूर्वी घरोघरी घड्याळं नव्हती तेव्हा रेल्वेची माणसं आणि बंगल्यांवरचे गडी तिच्यावरच उठायचे.

पण गावाला ती खरी ठाऊक होती मरणाच्या टोल्यांमुळे. चर्चमधलं कुणी गेलं, की आबा आधी त्या घरी जायचे, हलक्या आवाजात वय विचारायचे आणि मग मनोऱ्यात येऊन जितकी वर्षं तितके टोले द्यायचे. दोन टोल्यांमध्ये एक पूर्ण श्वास घ्यायचा आणि सोडायचा. पहिला टोला पडला, की लोक हातातलं काम तसंच ठेवून मोजायला लागायचे. एकदा घंटा पाचावर थांबली होती. त्या दिवशी आमच्या आळीत कुणाच्याच घरी धड स्वयंपाक झाला नाही.

रविवारी मोठ्या दोरानं अख्खी घंटा झुलवायची असते, ते कसब मला कधी जमलं नाही. मरणाच्या टोल्यांना मात्र घंटा न हलवता तिच्या आतल्या लोळ्याला बांधलेला बारीक दोर ओढावा लागतो. तेवढा आबांनी मला शिकवला होता.

मग मनोऱ्याला चीर पडली. इंजिनिअर आले, मान हलवून गेले, दाराला कुलूप लागलं. भोंग्यावर रेकॉर्ड केलेली घंटा वाजू लागली. पहिल्या दिवशी आबा अंगणात उभे राहून म्हणाले, ह्यो रेडिओ बंद करा. त्यानंतर त्यांनी त्या आवाजाकडे कधी मानही वळवली नाही. पुढच्या दोन वर्षांत ते एकेक गोष्ट विसरत गेले. आधी रस्ते विसरले, मग माणसं, मग मी.

आई पूर्वीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. मी नवलाख उंबऱ्याला कंपनीत जाते. रात्रपाळी असली, की शेजारच्या मावशी आबांपाशी झोपायच्या. गेल्या श्रावणात अशीच पाळी करून आले, मावशींना घरी पाठवलं, आबांना भाकरी चारली आणि बसल्या जागी डोळा लागला. दाराची कडी लावली नव्हती. जागी झाले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, दार सताड उघडं आणि आबांच्या चपला जागेवर.

धुकं असं, की कुंपणापलीकडचं झाड दिसेना. आमच्या मागच्या अंगाला चार बंगले आहेत आणि त्यांच्यामागे सरळ दरी. बाकी काही सांगायला नको. मी अनवाणीच धावले. बाजार बघितला, स्टेशन बघितलं, कार्ल्याच्या बसमध्ये चढून प्रत्येक सीट बघितली. रिक्षावाले बिचारे सोमाटण्यापर्यंत फोन करत होते. चौकीत साहेबांनी विचारलं, अंगावर काय होतं? मला सांगता येईना. स्वतःच्या बापाच्या अंगावर काय होतं तेही या बयेला ठाऊक नाही! इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दरीच्या कडेनं हाका मारत फिरले. पण आबा म्हणजे आपण, हेच ते विसरले होते. त्यांनी ओ कशाला दिली असती? त्यांचं खरं नावही घेऊन बघितलं. धुक्यात आवाज चार पावलंसुद्धा जाईना.

पाच वाजत आले, पाऊस वाढला, तेव्हा मी फादरकडे गेले. त्यांनी लगेच भोंगा लावला. तो वाजत राहिला आणि कुणी आलं नाही. मी म्हटलं, मनोऱ्याची किल्ली द्या. फादर तरुण, भला माणूस. मनोरा कमजोर झालाय, तुम्हाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू, असं म्हणू लागले. माझं डोकंच सटकलं. चाळीस वर्षं माझ्या बापानं तुमची माणसं पोचवली आणि आज त्याच्यासाठी एक कुलूप निघत नाही का, असं काय काय बोलले. त्यांनी मुकाट्यानं किल्ली काढली.

मला येत होते ते मरणाचेच टोले. दुसरं काय वाजवणार? पहिला टोला दिला आणि वरून चुन्याचा चुरा अंगावर पडला. दहा-बारा टोले झाले असतील, तेवढ्यात चर्चच्या बायका छत्र्या घेऊन धावत आल्या. कोण गेलं, कोण गेलं? त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला कळलं, तशी तिनं माझा दंड धरला. "अगं पोरी, जित्या बापावर हे वाजवू नको." मी तिचा हात झटकला. मेली ही मोठी मला शिकवणारी, असंही मनात आलं. आणि पुढचा टोला ओढला.

लहानपणची सवय, मी नकळत मोजत होते. सत्तरला हात भरून आले. तळव्यांना फोड आले, ते फुटले. थांबावंसं वाटलं आणि एकदम ध्यानात आलं, आबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आता थांबले आणि चुकून त्याच आकड्यावर थांबले तर? खुळेपणाच, पण त्या वेळी मला तेच खरं वाटत होतं. पंच्याहत्तर, शहात्तर. मी रडत होते. अठ्ठ्याहत्तरावा पडला तसा श्वाससुद्धा न घेता पुढचा ओढला. ऐंशी झाले, नव्वद झाले, शंभर गेले. थांबायचं कुठे, हेच कळेना, कारण थांबले तर मग करायचं तरी काय उरलं होतं? फादर कोपऱ्यात उभे होते.

माझ्या पाठीमागच्या दारातून कुणीतरी आत आलं. ढोपरापर्यंत चिखल, अंगात भिजलेली बंडी, कानाजवळ रक्त. आबा तरातरा माझ्याकडे आले आणि दोर माझ्या हातातून हिसकून घेतला.

"येकशे अठरा झाले. येवडं जगतंय का कुनी? कोन येडं वाजवतंय म्हून बगाया आलो."

म्हणजे ते दरीच्या कडेला कुठेतरी बसून मोजत होते. मी सत्तर-ऐंशीला थांबले असते, तर कुणीतरी म्हातारं माणूस गेलं एवढंच त्यांनी धरलं असतं आणि जागचे हलले नसते. त्यांनी नेहमीसारखा दोर खुंटीला गुंडाळला आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही गेलं, आबा. मग वाजीवलं कशाला, म्हणाले.

त्यांनी माझ्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, परक्या बाईकडे पाहावं तसं अदबीनं.

"बाय, मला घरला सोडती का? माजी लेक येकलीच हाय. येवडं टोलं ऐकून भ्याली आसंल."

"चला," मी म्हटलं, "लय भ्यालीय ती."