पुसलेला पांढरा ठिपका

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून फोटोवाल्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तो दोनच शब्द बोलायचा, "जरा हसा." म्हणून अख्खी गल्ली त्याला 'जराहसा'च म्हणते. स्वतः मात्र हसायचा तो उपकार केल्यासारखा. टचिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं पुसून माणसाला असा चकचकीत करायचा की मी म्हणायचो, "अरे बाबा, ओळखपत्रावरून माणूस ओळखू तरी येऊ दे!"

त्याला उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, नुकती चालायला लागलेली. दुकानात आली की तिचे फोटो काढणं हा त्याचा उद्योग. काही फोटोंत तिच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका यायचा. फ्लॅश परतला असेल म्हणून तो उजव्या डोळ्याची बाहुली उचलून डाव्यावर बसवायचा आणि जागा वाचावी म्हणून मूळ फोटोवरच सेव्ह करून टाकायचा. त्यातलाच एक मोठा करून त्यानं दर्शनी काचेत लावला. "काय डोळे आहेत रे पोरीचे!" असं मीच म्हणालो होतो.

त्याच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, मोबाईलमधल्या फोटोंना मात्र कुणी टचिंग करत नव्हतं. एके दिवशी त्या मोबाईल घेऊनच दुकानात आल्या. "हे बघा, दरवेळी हाच डोळा पांढरा येतोय. मी नेटवर शोधलं. अशा मुलांच्या आईबापांचा एक ग्रुप आहे. ते म्हणतात, हा डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो."

जराहसा उखडला. "नेटवर नुसतं शिंक आली लिहिलं तरी मरण दाखवतात! ठेव तो मोबाईल."

मीही मान डोलावली. मला त्याचंच पटलं होतं. वहिनींनी तिथेच उभं राहून फोटो त्या ग्रुपवर टाकला. कुठल्याशा दूरच्या गावातल्या बाईंचं उत्तर आलं, "घाबरू नका, नुसता फ्लॅशही असेल. पण उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासा म्हणावं."

निघाला कॅन्सरच. लहान मुलांच्या डोळ्यात होणारा, फार क्वचित आढळणारा. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून दिसतंय? जुने फोटो असतील ना?" फोटोवाल्याकडे पोरीचे ढीगभर फोटो होते आणि एकातही ठिपका नव्हता. वहिनींच्या मोबाईलनं सांगितलं, पार थंडीपासून.

पोरीचा जीव वाचवायचा तर डोळा काढावा लागणार होता. तो काढला. मग दुसऱ्या डोळ्याची धास्ती लागली. त्याची तपासणी अजून चालू आहे.

त्या दिवसांत वहिनींना त्या ग्रुपचाच आधार होता. तिथे काढे विकणारेही घुसायचे, पण जुन्या बायका त्यांना पिटाळून लावायच्या. "आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा" असं जो सांगेल त्याचंच ऐकायचं, हा वहिनींचा नियम. खोटा डोळा कसा धुवायचा, पोर तो बसवू देत नसेल तर काय करायचं, हे त्यांना तिथेच कळलं. जराहसा नुसता वाचायचा. गिऱ्हाइकाला "जरा हसा" म्हणायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

एका दुपारी त्यानं पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं. "मी फोटोवाला आहे. माझ्या मुलीच्या डोळ्यातला ठिपका मी माझ्या हातानं पुसत होतो."

कुण्या एका बापाचं उत्तर आलं. "आमच्या मुलीचा डोळा असाच चमकायचा. आम्ही तिला लाडानं मनीमाऊ म्हणायचो, नातेवाइकांना फोटो पाठवायचो. आमची राहिली नाही. तुमची आहे. तिच्याकडे बघा."

मी चहा घेऊन गेलो, तर तो मागच्या निळ्या पडद्यात तोंड खुपसून रडत होता. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं काचेतला फोटो उतरवला. त्या जागी वहिनींच्या मोबाईलमधला लावला, पांढऱ्या ठिपक्यासकट. खाली लिहिलं, "मुलाचा डोळा फोटोत असा दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा."

मी वैतागलो. "लेका, धंदा बुडवायचाय का? कोण येईल हे बघून?"

"एक जण आला तरी बास," तो म्हणाला.

लोक खरंच बिचकायचे. चार पावलं पुढे जाऊन माझ्याकडे पासपोर्ट फोटोची चौकशी करायचे. मी मुकाट्यानं बोट दाखवून त्यांना परत त्याच्याकडे पाठवायचो.

गेल्या आठवड्यात कडेवर बाळ घेतलेली एक बाई त्या काचेसमोर थांबली. तिनं पर्समधून मोबाईल काढला. एकदा मोबाईलकडे बघायची, एकदा काचेकडे. मग आत गेली. मीही दारापर्यंत गेलो.

जराहसानं तिच्या मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला. त्यानं तिला स्टुलावर बसवलं आणि आत हाक मारली. वहिनी आल्या. त्यांच्यामागून त्यांची लेक आली आणि बाळाचं पाऊल धरून खेळवायला लागली.

वहिनी त्या बाईजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका. नुसता फ्लॅशही असेल. पण उद्याच जायचं. मी येते तुमच्याबरोबर."