काकाजींचा साधा वर्तमानकाळ

साध्या वर्तमानकाळाची धास्ती घ्यावी असा माणूस सगळ्या नागपुरात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा चुलत सासरा निघाला. लोकांचे सासरे रिटायर झाले की बागेत फिरतात, भजनाला जातात, फार तर सुनेच्या भाजीला नावं ठेवतात. आमच्या काकाजींनी शाळेतून रिटायर झाल्यावर घरच्या पुढच्या खोलीत फळा ठोकला आणि मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग उघडला. फी नाही, पुस्तक नाही, आणि साध्या वर्तमानकाळाच्या पुढे एक पाऊल नाही. कोणी भूतकाळाचं नाव काढलं की म्हणायचे, "रोज काय करता ते तर धड सांगता येऊन नाही राहिलं, अन् झालं-गेलं काय सांगसान?" फळ्याच्या अगदी वर त्यांचं स्वतःचं वाक्य कायमचं लिहिलेलं असायचं, आय टीच एव्हरी डे. त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

मी त्या वर्गात हौसेने गेले नाही. धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बाई पाहिजे होती. मुलं मोठी झाली होती, मला घराबाहेर पडायचं होतं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजी येतं का हाच असतो असं कळलं होतं. घरचाच मास्तर आहे, शिकवेल दोन गोष्टी, असं वाटलं. दोन गोष्टी राहिल्या बाजूला, डोक्याला कायमचा ताप झाला.

कारण काकाजींचा एक नियम होता. साध्या वर्तमानकाळात माणूस आपली रोजची सवय सांगतो, तेव्हा फळ्यावरचं वाक्य खरं असलं पाहिजे, आणि ते खरं आहे की नाही हे काकाजी जातीने जाऊन बघणार. तुम्ही वाक्य लिहायचं. ते चष्मा सारखा करायचे, क्रियापदावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "पाहावं लागते." झालं. त्या माणसाचा आठवडा खराब. गांधीबागेतल्या एका कापडवाल्या शेटजीने ऐटीत लिहिलं, आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला काकाजी त्याच्या फाटकाशी, हातात टॉर्च. शेटाणीने दार उघडलं आणि हसत सांगितलं, "ये तो आठ के पहले करवट भी नहीं बदलते, मास्तरजी." एका बँकेतल्या बाबूने लिहिलं की मी तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नाही. काकाजींनी त्याच्या बँकेसमोरच्या पानठेल्यावर सकाळभर स्टूल टाकून मुक्काम केला. बाबू आला, ठेलेवाल्याने न विचारता खर्रा घोटायला घेतला, आणि काकाजी मागून म्हणाले, "वाक्य बदला, साहेब." बाबू पुन्हा वर्गाला आला नाही. मी त्याच्या जागी असते तर खर्रा त्यांच्याच हातात दिला असता.

माझी पाळी आली तेव्हा मी गुणी सुनेसारखं लिहिलं, माय हजबंड हेल्प्स मी इन द किचन. माणूस काही तरी चांगलं लिहायला जातो की नाही? संध्याकाळी काकाजी हजर. स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले, माझ्याच हातचा चहा प्यायले आणि आपल्या सख्ख्या पुतण्याला म्हणाले, "बाबू, जरा जिऱ्याचा डबा देजो." नवऱ्याने तिखट काढलं, मग मोहरी काढली, मग फ्रीज उघडला. काकाजी उठले. "खोटं वाक्य," म्हणाले आणि चपला घालून चालते झाले. त्यानंतर आमच्या घरात जे भांडण पेटलं त्याची धग सासूबाईंपर्यंत गेली. राग कोणाचा यावा सांगा? जिरं न सापडणाऱ्याचा यावा की जिरं मागणाऱ्याचा? मला दोघांचाही आला.

तरी मी जात राहिले, कारण मुलाखत तोंडावर आली होती आणि मला एकच वाक्य पास करून हवं होतं. आय स्पीक इंग्लिश. मी ते लिहायची आणि काकाजी डस्टरने पुसायचे. "तू कुठं बोलतं वं सूनबाई? तू तर पाठ करून राहिली." मुलाखतीत त्यांची सही कोणी मागणार नव्हतं, कबूल. पण त्या माणसाने खोटं ठरवलेलं वाक्य परक्यासमोर तोंडातून निघत नाही, हीच तर त्यांच्या वर्गात घाण सवय लागते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी ते पुन्हा पुसलं आणि माझं टाळकं सटकलं. भरल्या वर्गात मी उभी राहिले. काय बोलते आहे ते माझं मलाच कळत नव्हतं. "यू कम टू माय हाउस! यू सिट ऑन माय स्टूल. यू ड्रिंक माय टी अँड यू मेक फाइट. यू चेक एव्हरीबडी. यू नेव्हर से गुड. आय वर्क ऑल डे, आय कम हिअर, अँड यू रब, रब, रब. व्हॉट डू यू वॉन्ट?"

काकाजी डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "आता लिव," म्हणाले. "आता खरं आहे." मी तो खडू आपटला. मग उचलला आणि लिहिलं.

नोकरी लागली. विदर्भभरचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, विम्याचे इंग्रजी फोन, सगळं निभावू लागले. काकाजींना फोनवर सांगितलं, आय वर्क इन अ हॉस्पिटल. पलीकडून आलं, "पाहावं लागते." म्हणून मी दवाखान्याच्या दाराकडे डोळे लावून बसायची. आज येतील, उद्या येतील. पानठेल्यावर सकाळभर बसणारा माणूस सुनेच्या काउंटरशी फिरकला नाही. असा संताप आला की पुढच्या रविवारी तरातरा त्यांच्या घरी गेले.

काकीजींनी दार उघडलं. "गुडघे गेले त्यायचे," म्हणाल्या. "दारापर्यंत चालणं होऊन नाही राहिलं. वर्गही बंद केला." काकाजी पुढच्या खोलीत खुर्चीवर होते. फळा कोरा होता. वरचं वाक्यसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "ते काहून पुसलं?"

"खोटं झालं नं," ते म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं, पण रागच आला. मी खडू घेतला आणि लिहिलं, आय कम एव्हरी संडे. काकाजींनी चष्मा सारखा केला, बसल्या जागेवरून हवेतच बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाहावं लागते."

आठवड्यात मला तेवढी एकच सुट्टी. कपडे पडलेले असतात, नवरा जिऱ्याचा डबा शोधत असतो. तरी रविवारी जावं लागतं. नाही गेले तर तो माणूस ते वाक्य पुसेल, आणि मग त्या फळ्यावर काहीच राहणार नाही.