पाकिटावरची बाई
मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवलेल्या प्लास्टिकचा वास आला, की मला सन ऐंशीच्या आसपासचा बोरी गावचा एक बाजार आठवतो. घरी केलेला काळा मसाला मी तिथे डब्यातून सुटा विकायची. बाया तळहातावर घेऊन हुंगायच्या. आपल्या मालाला नाव हवं म्हणून नवऱ्याने परभणीहून रंगीत लेबलं छापून आणली. त्यावर दागिने घातलेली एक हसरी बाई होती. चार दिवस राबून आम्ही प्लास्टिकची पाकिटं भरली, मेणबत्तीवर त्यांची तोंडं चिकटवली, पण बाजारात एकही खपेना. नेहमीची एक म्हातारी पाकीट उलटंसुलटं करत म्हणाली, "ही कोण बाई हाय?" "नुसता फोटू हाय मावशी, मसाला माझाच." "तुझ्या मसाल्यावर हिचं तोंड कशाला? वास बी येईना. आमी डोळे झाकून घ्यावं का?" मी संतापून पाकीट फाडलं आणि तिच्या हातावर मसाला ओतला. तिने हुंगला, चाखला. "हां, तुझाच हाय. दे आता." मग प्रत्येकीने घेण्याआधी आपल्यासमोर पाकीट फाडायला लावलं. भर उन्हात शिंकत, डोळे पुसत मी फाडत राहिले. घरी जाताना नवऱ्यावर रस्ताभर चिडले. एवढी वर्षं मी ही गोष्ट फुकट गेलेल्या लेबलांची म्हणूनच सांगत आले. मसाला मात्र त्या दिवशी चिमूटभरही उरला नव्हता.