फाटक्या पँटची गाणारी

पंचवीसेक वर्षांपूर्वी वारंगा फाट्यावर एस.टी.त ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी हबकलेच! अर्धं डोकं भादरलेलं, कानात सेफ्टी पिना, गुडघ्यावर पँट फाटलेली. जगाला वळण लावायचा मक्ता तेव्हा माझ्याकडेच होता. बांगडीतली पिन काढून मी तिचा गुडघा टाचूनच टाकला.

"मावशी, मीच फाडली ती," ती घोगऱ्या आवाजात हसली. "पुण्यात पंक रॉक गाते. ओरडून."

"काहून गं? गोड गळ्यानं गावं की!"

"गोड बोलून लग्नाला न्हाई म्हटलं, तवा कुणी ऐकलं न्हाई. मग घरातनं पळाले. दहा वर्षं स्टेजवर ओरडले. आता गळ्यात गाठ आलीय, ऑपरेशन हाय. आवाज राहील का, डॉक्टरलाबी ठावं न्हाई. आईनं एकदाबी ऐकला न्हाई, म्हणून तिच्याकडं कुरुंद्याला चालले."

"मग मला ऐकव."

तिनं अशी आरोळी ठोकली की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. आणि फर्माईश करणारी मी शहाणी, दोन्ही कान दाबून, डोळे गच्च मिटून बसलेली!

कुरुंदा आलं. उठताना ती हळूच म्हणाली, "आईनं असे कान दाबले तरी चालतील, मावशी. दार लावू नये."