अष्टमीचं पाणी

आमच्या घरात लहानपणी आज वार कोणता हे पटकन कोणाला सांगता यायचं नाही, पण तिथी विचारली तर शाळेत न जाणारं पोरही सांगायचं. बाबा कळव्याच्या बाजूला खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे उधाण, तेव्हा खाडीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी, तेव्हा मिठाची होडी काढायची. होडी सपाट तळाची. बाबा तिच्या मागच्या टोकाला उभे राहायचे आणि लांब बांबू चिखलात रोवून ती पुढे ढकलायचे. मी मिठाच्या ढिगाशेजारी बसलेली असायचे. त्या दिवसांतले बाबा बसलेले मला आठवतच नाहीत.

पुढे मिठागर बंद पडलं, भराव आला, इमारती आल्या. मी शिकले, शिक्षिका झाले, डोंबिवलीत घर घेतलं आणि तिथी सोडून वारावर जगायला लागले. लग्न केलं नाही. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी. तिथे वाळत घातलेले टॉवेल बघत त्यांनी चार वर्षं काढली.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा बेटावर, निळ्या पाण्यात, एक बाई रुंद फळीवर उभी राहून लांब वल्ह्याने पाणी मागे सारत चालली होती. मी म्हटलं, याला पॅडल बोर्डिंग म्हणतात, लोक सुट्टी काढून शिकायला जातात. बाबांनी तो तीनदा बघितला. मग खूप हसले.

"ये तं आपलंच काम हाय," म्हणाले. आणि जरा वेळाने, हसू थांबल्यावर, "मना पन एकदा असं उभं रवाचं हाय, बाय."

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी तसाच प्यायचे. त्यांचं हृदय दमत चाललंय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लाइफ जाकीट घालून, उथळ पाण्यात, दहा मिनिटं. काही करायचं असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका." एवढं स्पष्ट कोणी सांगत नाही. त्यांनी सांगितलं होतं.

मग मी कामाला लागले. कामाला लागले की मी कशी होते हे माझे विद्यार्थी सांगतील. किनाऱ्यावर जिथे जिथे हा प्रकार चालतो तिथे तिथे मी फोन केले. तळ वाळूचा की खडकाचा? कमरेइतकं पाणी कुठपर्यंत? वारा किती वाजता सुटतो? फळी किती रुंद? माणूस पडला तर कोण काढणार, आणि काढणाऱ्याला स्वतःला पोहता येतं का? सगळेच म्हणायचे, नवशिक्यांसाठी एकदम सेफ. एकाने वर डॉल्फिन दिसतील असंही सांगितलं. दुसरा म्हणाला, "मॅडम, पडल्याशिवाय मजा काय?" मी म्हटलं, "माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना पाडून तुम्हाला मजा येणार आहे का?" त्याने फोन ठेवला.

शेवटी तळकोकणात एक जण सापडला. आधी मासेमारी करायचा, आता हे शिकवायचा. त्याची जागा खाडीच्या मुखापासून आत होती, वारा अडवायला एका बाजूला कांदळवन, मध्ये वाळूचा पट्टा आणि त्यावर कमरेएवढं पाणी. त्याने मला एकच विचारलं, "आजोबांना पाण्याची सवय?"

"मिठागरात होडी चालवायचे."

"मग माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. कधी येताय?"

जागा मिळाली. इकडे घरात तालीम सुरू झाली. गोधडीची घडी, तिच्यावर पाट, पाटावर बाबा, हातात पडद्याचा दांडा. मी समोर फोन धरून उभी. "बाबा, पायांत खांद्याएवढं अंतर ठेव. गुडघे थोडे वाकव. पायाकडे बघू नकोस, नजर समोर." ज्या माणसाने वीस वर्षं मिठाने भरलेली होडी उभ्याने चालवली त्याला मी उभं राहायला शिकवत होते. ते निमूटपणे ऐकायचे. एकदा फक्त म्हणाले, "बाईंचा वर्ग कडक हाय." आता आठवलं की हसूही येतं आणि माझा मलाच रागही येतो.

जायचं कधी हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं होतं. भिंतीवरचं नवीन कॅलेंडर आणून टेबलावर ठेवलं आणि जानेवारीतल्या एका चौकोनावर बोट टेकवलं. "अष्टमीला जाव. पानी गप असतं."

मी बघितलं. वार गुरुवार.

"बाबा, गुरुवारी शाळा असते. पुढच्या आठवड्यात शनिवार, रविवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी. तीन दिवस सलग मिळतात."

ते कॅलेंडरकडे बघत राहिले. "पुनवेच्या मागं हाय ते. उधान असल."

"अरे, ती जागा आतल्या बाजूला आहे. त्यांनी सांगितलंय, नवशिक्यांना चालते."

त्यांनी चौकोनावरचं बोट उचललं. माझी पंचवीस वर्षांत एकही विनाकारण रजा नव्हती आणि त्याचा मला ताठा होता. खोटं कशाला लिहू? त्या गुरुवारी माझ्यावाचून शाळेचं काही अडणार नव्हतं. मला मागायचं जिवावर आलं होतं, इतकंच.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो, रात्री मुक्काम केला आणि रविवारी सकाळी पाण्यावर गेलो. शिकवणारा पाण्याकडे तोंड करून उभा होता. वाळूचा पट्टा दिसतच नव्हता. खाडीचं पाणी बदाबदा बाहेर धावत होतं, कांदळवनाच्या फांद्या त्या ओढीने वाकल्या होत्या. तो म्हणाला, "ताई, उधाणाची ओहोटी आहे. मी एकटा गेलो तरी फळी मुखाकडे ओढली जाईल. आज कोणालाच सोडत नाही. फोनवर तारीख सांगितलीत तेव्हा मीपण तिथी बघितली नाही, चुकलंच. पण तुम्ही खाडीकाठची माणसं ना?"

मी मान खाली घातली. मी फोनवर सगळं विचारलं होतं. तळ विचारला, वारा विचारला, फळीची रुंदी विचारली. तिथी विचारली नव्हती. आमच्या घरातलं शाळेत न जाणारं पोर जे विचारल्याशिवाय राहिलं नसतं तेच मी, मिठागराच्या माणसाच्या मुलीने, विचारलं नव्हतं. आणि ज्यांनी न विचारता सांगितलं होतं ते गाडीत माझ्या शेजारीच बसून आले होते.

बाबांनी तोवर नारिंगी जाकीट अंगात चढवलं होतं. त्याचे पट्टे त्यांनी स्वतः, एकेक करून, आवळले होते. मी म्हटलं, आज नाही जमायचं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. तासभर. जाकीट काढ म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऊब हाय." उन्हं चांगलीच चढली होती.

सोमवारीही पाणी तसंच. निघताना गाडीत त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "पुढच्या अष्टमीला येव. घाई नाय."

एक शब्द रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी कॅलेंडर खाली काढलं आणि पेन्सिलीने वर्षभराच्या सगळ्या अष्टम्यांना गोल केले. शुद्ध, वद्य, दोन्ही. डिसेंबरपर्यंत. मग परत खिळ्याला लावलं. पुढची अष्टमी आठवड्याभरातच होती, पण नुकतेच जाऊन आलो होतो. त्यानंतरची तोंडी परीक्षेत गेली. मग दहावीची परीक्षा आली, मग पेपर तपासणी. प्रत्येक गोलाच्या दिवशी सकाळी बाबा चहा पिताना म्हणायचे, "आज अष्टमी." तक्रार म्हणून नव्हे, पाऊस पडतोय असं सांगावं तसं. मी म्हणायचे, "मे महिन्याच्या सुट्टीत नक्की, बाबा." ते म्हणायचे, "मे मधी वारा सुटतं." आणि माझा चेहरा बघून, "पन जाव. जाव की."

एप्रिलमध्ये, एका सकाळी, ते गॅलरीतल्या खुर्चीतच गेले. मी शाळेत होते. अष्टमी-बिष्टमी काही नव्हती त्या दिवशी. साधा मंगळवार होता.

कॅलेंडर मी काढलं नाही. गोल येत राहिले आणि मी ते बघत राहिले. डिसेंबरातला एक गोल बुधवारी होता. मी मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये गेले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा नुसतं फिरायला जायचंय म्हणून तीन दिवसांची रजा मागितली. कारण म्हणून काय काय सांगायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं. त्यांनी अर्ज पुरता वाचलाही नाही. सही करून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "अहो, एवढं काय त्यात? कधीही मागायची होती."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत मला उठता आलं नाही.

त्या शिकवणाऱ्याने मला ओळखलं. आजोबा कुठे आहेत असं त्याने विचारलं नाही, मी एकटी दिसल्यावर त्याला कळलं. त्याने तेच जाकीट दिलं की दुसरं, माहीत नाही. सगळी एकाच रंगाची असतात. पट्टे मी स्वतः आवळले.

पाणी हलत नव्हतं. वाळूचा पट्टा खाली स्वच्छ दिसत होता, त्यावरचे खेकड्यांचे मागसुद्धा. मी फळीवर गुडघे टेकून बसले. मला धड पोहता येत नाही, आणि मी पन्नाशी ओलांडलेली. तो कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून उभा होता. म्हणाला, "ताई, घाबरू नका. आज भांग आहे. नुसतं उभं राहायचं."

मी पायांत खांद्याएवढं अंतर घेतलं, गुडघे वाकवले, नजर समोर ठेवली आणि उभी राहिले. फळी जरा डुलली आणि थांबली. त्याने हात सोडला. मी वल्हं पाण्यात घातलं आणि फळी पुढे सरकली.

पहिल्याच खेपेला जमलं मला. मी तिथे पाण्याच्या मधोमध उभी राहून मोठ्याने रडले, कारण ते इतकं सोपं होतं. माझ्या बाबांना ते आरामात जमलं असतं.